आरशाचा सराव

मिळण्यासारखं होतं ते एवढंच: चार वाक्यं, दोन दिवसांचं शूटिंग आणि समोरून दिसणारा चेहरा. तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल. पण नऊ वर्षांत सत्तेचाळीस ऑडिशन देऊन तिच्या पदरात जी दोन कामं पडली होती ती पाहिली, तर मुळीच किरकोळ नव्हती. पहिल्या कामात ती एका रांगेत उभी होती, पाठमोरी. दुसऱ्यात ती प्रेत होती, चादरीखाली. ते दुसरं काम बघून थोरली बहीण म्हणाली होती, "छान झालंय गं. अजिबात हलली नाहीस."

गमावण्यासारखं होतं ते पुष्कळ होतं. ड्रायव्हिंग स्कूलमधली नऊ वर्षांची नोकरी. ड्रायव्हरच्या शेजारची, तिच्या पाठीच्या मापानं खोलगट झालेली सीट. त्या सीटसमोरचा जादा ब्रेक, ज्यावर ती कायम पाय ठेवून बसते म्हणून शिकणारे तिला पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणत. आणि मालकांनी सोमवारीच बजावलं होतं, "आणखी एकदा किलोमीटर जुळले नाहीत, की किल्ली टेबलावर. कारणं नकोत, रडणं नको. नुसती किल्ली."

ही किलोमीटरची भानगड अशी. गाडीत एक जाड वही असे. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला मीटरचा आकडा लिहायचा, शेवटी लिहायचा, शिकणाऱ्याची सही घ्यायची आणि शेवटच्या रकान्यात शेरा द्यायचा. शेरा नेहमी एकच असे: 'ठीक'. पाऊण तासाच्या धड्याला साधारण आठ किलोमीटर होतात. मालक रोज संध्याकाळी त्या आकड्यांवरून बोट फिरवत, आणि कुठे सोळा, कुठे तीन असं दिसलं की ते बोट थांबे.

आता ऑडिशनचं बोलावणं काही आदल्या दिवशी येत नाही. ते येतं अंगाला साबण लावलेला असताना, नाहीतर भर चौकात शिकाऊ माणसानं क्लच सोडून गाडी बंद पाडलेली असताना. पाठवणारा एकच असे, कास्टिंगवाल्यांचा एक कोऑर्डिनेटर. त्याच्या प्रत्येक मेसेजचा पहिला शब्द ठरलेला, म्हणून दोघी बहिणींनी त्याचं नाव अर्जंटराव ठेवलं होतं. 'अर्जंट. वय ३५ ते ४५. भांडकुदळ शेजारीण. साधे कपडे. एका तासात पोचा.' साधे कपडे तिच्या डिकीतच असत. एका पिशवीत पांढरा शर्ट, काळा कोट, काचा नसलेला चष्मा आणि एक शाल. डिकीचं झाकण वर करून आडोशाला दोन मिनिटं मिळाली, की त्या चार वस्तूंत ती वकीलही होई, मुख्याध्यापिकाही आणि विधवाही.

कपड्यांची सोय झाली, पण वेळेचं काय? रजा वर्षाच्या चौथ्या महिन्यातच संपत. मग तिनं वेळ काढायची एक पद्धत बसवली होती. शिकणाऱ्याला गाडी चालवत स्टुडिओच्या गल्लीपर्यंत न्यायचं. झाडाखाली थांबवायचं, इंजिन बंद करायला लावायचं, आणि गंभीर आवाजात सांगायचं, "आज आरशाचा सराव. वीस मिनिटं. तीनही आरसे पाळीपाळीनं बघायचे. मागून येणारी प्रत्येक गाडी मोजायची. मी लांबून तुमच्या मानेकडे बघत असेन." मग ती पिशवी उचलून मान बघायला म्हणून जी जाई, ती एकदम विसाव्या मिनिटाला, कधी चाळिसाव्या मिनिटाला परत येई.

याचा परिणाम असा झाला, की तिच्या हाताखालची माणसं आरसा फार सुरेख बघत. लायसन्सची परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर एकदा मैदानावर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुमच्याकडची माणसं आरसा काय बघतात हो! बाकीच्यांनी शिकावं." मालकांनी ते वाक्य शाळेच्या पाटीवर रंगवून घेतलं. आपण कशाची जाहिरात करतो आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या गुरुवारी बारा वाजून वीस मिनिटांनी मेसेज आला तेव्हा ती स्टेनोकाकांच्या शेजारी बसली होती.

स्टेनोकाका म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले लघुलेखक. वय बासष्ट, शर्टाला दोन खिसे आणि दोन्हींत पेन. चौतीस वर्षं माणसं त्यांच्यासमोर भांडली, रडली, शपथेवर खोटं बोलली, आणि काकांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सगळं उतरवून घेतलं. ते दोनदा परीक्षेत नापास झाले होते. तिसरी परीक्षा त्याच दिवशी तीन वाजता होती. त्यांचं लर्निंग लायसन्स महिनाअखेरीला संपत होतं आणि मुलानं सांगून टाकलं होतं, "बाबा, या वेळी नाही झालं तर गाडी विकून टाकू. उगीच दारात धूळ खात उभी." गाडी काकांचीच होती, निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली.

मेसेज असा होता: 'अर्जंट. तुमचा व्हिडिओ डायरेक्टरना आवडला. "त्या गाडीतल्या बाईला बोलवा" म्हणाल्या. स्वतः बघणार. दोनच्या आत पोचा, नाहीतर दुसरीला देतोय.'

तिनं तो तीनदा वाचला. व्हिडिओ मागच्याच आठवड्यात याच गाडीत काढला होता. मोबाइल डॅशबोर्डवर टेकवलेला, आणि समोरच्या माणसाची वाक्यं वाचायला स्टेनोकाका. नऊ वर्षांत तिला हजार जणींतली एक म्हणून बोलावणं आलं होतं. 'त्या बाईला' म्हणून कधी आलं नव्हतं.  

डोक्यात गणित आपोआप सुरू झालं. स्टुडिओ पूर्वेला सात किलोमीटर, परीक्षेचं मैदान पश्चिमेला नऊ. आत्ता निघालो तर पाऊणपर्यंत स्टुडिओ. काका गाडीत. ऑडिशन आटपून दोनला निघालं, तर तीनला मैदान. जमतं. किलोमीटर मात्र तेवीसच्या आसपास जातील. ते बघू.

"काका," ती आवाज घट्ट करून म्हणाली, "पुढे उजवीकडे घ्या. परीक्षेआधी एक शेवटचा आरशाचा सराव करून टाकू."

काकांनी इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, दुसरा आरसा पाहिला, गाडी अगदी नेमकी कडेला लावली आणि इंजिन बंद केलं. मग डाव्या खिशातून एक छोटी वही काढली. आत सगळ्या बारीक रेघा आणि टिंबं, लघुलिपीची. ती त्यांनी नाकासमोर धरली आणि कोर्टात साक्ष वाचून दाखवावी तशी, कुठेही चढउतार न करता वाचली.

"एकूण धडे एकवीस. गाडी चालवणे, दहा तास पाच मिनिटे. आरशाचा सराव, पाच तास वीस मिनिटे. रिव्हर्स, अकरा मिनिटे." वही मिटली. "मॅडम, आरसा मला येतो असं वाटतं."



"तुम्ही हे सगळं लिहून ठेवलंत?"

"सवय आहे."

"मग बोलला का नाहीत? पहिल्याच वेळी विचारायचं होतं, की बाई, ही कसली पद्धत?"

"आम्ही कधी मध्ये बोलत नसू," काका म्हणाले. "विचारलं तर वाचून दाखवायचं, एवढंच. आज तुम्ही 'शेवटचा सराव' म्हणालात, तेव्हा वाटलं, नोंद पुढे ठेवावी."

तक्रार असती तर तिनं भांडून घेतलं असतं. भांडण तिला चांगलं येई, भांडकुदळ शेजारणीसाठी ती अकरा वेळा गेली होती. पण नोंदीशी कसं भांडणार? दोन्ही वेळा काका रिव्हर्सलाच अडकले होते. मागे जाताना खांबाला घासून. 'वयामुळे मान वळत नाही' असं मालकांनी ठरवून टाकलं होतं आणि तिनंही हो म्हटलं होतं. मान वळत होती. मान तर सगळ्यांत तयार होती.

आणि काका एकटे नव्हते. गेल्या दोन वर्षांत रिव्हर्सला पडलेले आणखी चार जण होते. दवाखान्यातली नर्स, कपड्यांच्या दुकानातला सेल्समन आणि दोघी कॉलेजच्या. चौघं तिचेच. अर्जंटराव तिचा वेळ बिनदिक्कत घेई म्हणून ती नऊ वर्षं चरफडत आली होती, आणि तोच वेळ तिनं या लोकांच्या खिशातून काढून त्याला दिला होता. मधल्यामधे स्वतःला बिचारी समजत.

फोन वाजला. अर्जंटरावच.

"मॅम, निघालात ना?"

"नाही."

"अहो, दोन म्हणजे दोन हं. डायरेक्टर थांबणार नाहीत."

"मी पाचला येते."

"पाचला?" त्याच्या आवाजाला ठसका लागला. "मॅम, पाचला पॅकअप आहे. तुम्हाला कळतंय का, लोक या चान्ससाठी काय काय सोडून येतात!"

"कळतंय. मीच सोडून येत होते. आज तीन वाजता माझ्या माणसाची परीक्षा आहे, ती झाली की येते. पाच."

"मग मी गॅरंटी देत नाही."

"तुम्ही कधी दिली होती?"

तिनं फोन ठेवला. 

"काका, डावीकडे घ्या. धान्याच्या गोदामामागे मोकळी जागा आहे."

"आणि तुमचं ते?"

"माझं ते पाचला. चला, क्लच."

गोदामामागे तिनं ऑइलचे चार रिकामे डबे ओळीनं मांडले आणि त्यांवर झाडूचे दांडे उभे केले. सव्वा ते सव्वादोन काका मागे गेले, पुढे आले, मागे गेले. पहिला डबा अठरा वेळा पडला. ती सीटवरून उतरून गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. ब्रेकवरून पाय काढून ती एवढा वेळ कधी लांब राहिली नव्हती.

"हळू! स्टिअरिंगला कशाला मिठी मारताय, ते काही माहेरी चाललेलं नाही! अर्धा फेरा. अर्धा म्हटलं की अर्धा, पाऊण नाही. आता सरळ. सरळ म्हणजे सरळ, काका, साक्षीदारासारखं वाकडं नको!"

काका पहिल्यांदाच हसले. एकोणिसाव्या वेळी डबा उभा राहिला. विसाव्या वेळीही. एकविसाव्या वेळी तिनं डबे आणखी हातभर जवळ आणले आणि काका त्यांतूनही गेले.

"मागे जाताना आरसा बघा, हे सांगायला नको ना?"

"नाही," काका म्हणाले. "तेवढं झालं आहे."

मैदानावर मालक आधीच हजर होते. काखेत फायली, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात वेलदोडा. परीक्षेच्या दिवशी ते स्वतः येत. कागद पुढे सरकवणं हा त्यांचा प्रांत. गाडी थांबताच त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि वही उचलली. बोट आकड्यांवरून फिरलं आणि थांबलं.

"दोन तासांत दहा किलोमीटर? गोगलगायीवर बसून आलात काय, बाई?"

"रिव्हर्स शिकवत होते. मागे गेलेलं मीटर मोजत नाही वाटतं."

"आणि सोमवारी मी काढलेली बेरीज? जादाचे दोनशे चौदा किलोमीटर! एवढ्यात माणूस दुसऱ्या मुलखात जाऊन पाहुणचार घेऊन परत येतो. कुठे गेले ते?"

काका स्टिअरिंगशी बसून समोर बघत होते. पलीकडे इन्स्पेक्टर दुसऱ्या कुणाला तरी आठचा आकडा काढायला लावत होते. खोटं तयार होतं. नेहमीच तयार असे. डिझेल पंपावर रांग होती. रस्ता खणला होता. एका शिकणाऱ्याला चक्कर आली. नऊ वर्षांत तिनं या माणसापुढे जेवढा अभिनय केला होता तेवढा कॅमेऱ्यापुढे केलाच नव्हता, आणि इथे बघायला मिळालेला प्रेक्षक हा असा.

"ऑडिशनला गेले," ती म्हणाली.

"काय?"

"नाटकसिनेमात काम मिळावं म्हणून परीक्षा देतात ती. तुमच्या गाडीतून गेले, तुमच्या वेळात गेले. शिकणाऱ्यांना झाडाखाली आरसा बघत बसवून गेले. तुमच्या पाटीवरचं ते वाक्य त्यातूनच आलं."

मालकांच्या तोंडातला वेलदोडा थांबला. दुखणं किलोमीटरचं कमी आणि पाटीचं जास्त होतं. ती पाटी त्यांनी जावयाला नेऊन दाखवली होती.

"म्हणजे ही लबाडी तुम्ही माझ्या तोंडावर सांगताय?"

"हो. पाठीमागे नऊ वर्षं करून झाली. आता पुढचं ऐका. पाच जण माझ्यामुळे रिव्हर्सला पडले. एक हे काका. उरलेल्या चौघांना मी रविवारी शिकवीन, दोन-दोन रविवार, माझ्या वेळात. पण ऑडिशनला मी जाणार. आजही जाणार, परीक्षा झाली की. सांगून जाणार. दिवसाचे धडे मागेपुढे करीन, एकाचंही मिनिट बुडवणार नाही. पण 'जाऊ का' असं विचारणार नाही, 'जाते' असं सांगेन."

"आणि मी म्हटलं, किल्ली द्या?"

तिनं किल्ली गाडीतून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. इतक्या पटकन, की मालकांना मूठ मिटायचंही सुचलं नाही.

"घ्या. साडेचारचा धडा त्या पार्लरवालीचा आहे. नवी आहे, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर अजून तिला भाऊ-भाऊ वाटतात. तुम्ही बसा शेजारी."

मालकांनी किल्लीकडे पाहिलं. बारा वर्षांपूर्वी एका शिकाऊ माणसानं गाडी थेट फर्निचरच्या दुकानात नेऊन एका नव्याकोऱ्या पलंगावर चढवली होती. शेजारच्या सीटवर तेव्हा मालक होते. त्यानंतर ते त्या सीटवर बसलेले नव्हते. फायली धरत, कागद सरकवत, वहीवर बोट फिरवत. पण त्या ब्रेकवर पाय म्हणून नाही. हे शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोललं नव्हतं. ती आत्ताही बोलली नाही. फक्त सीटकडे पाहिलं.

"आधी यांची परीक्षा होऊ द्या," मालक पुटपुटले आणि किल्ली त्यांनी काकांच्या हातात दिली.

इन्स्पेक्टर गाडीत बसले. काकांनी तीनही आरसे पाहिले, इन्स्पेक्टरांनी मान डोलावली. आठचा आकडा झाला. मग खांब. ती मैदानाच्या कडेला उभी होती आणि उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबून धरला होता, ब्रेक असल्यासारखा. गाडी मागे सरकू लागली. अर्धा फेरा. थांबली. तिनं पाय आणखी दाबला. मग सरळ, साक्षीदारासारखी अजिबात नाही, आणि चारही खांब जागच्या जागी.

काका उतरले. चेहऱ्यावर रेष हलली नव्हती. फक्त त्यांनी वही काढली, तीन रेघा आणि दोन टिंबं लिहिली आणि खिशात ठेवली.

"काय लिहिलंत?" तिनं विचारलं.

"पास," काका म्हणाले.

चार वाजता ती डिकीतून पिशवी काढून बसस्टॉपकडे निघाली. किल्ली काकांनी मालकांना परत दिली होती, आणि मालक गाडीला टेकून पार्लरवालीच्या धड्याला अर्धाच तास उरल्याचं घड्याळात बघत होते. तीस पावलं गेली असेल, तोच मागून बुटांचा आवाज आला. काका.

"तुम्ही कुठे?"

"समोरची वाक्यं वाचायला कुणी लागेल ना? मागच्या वेळी मीच वाचली होती."

"अहो, तिथे त्यांचा माणूस असतो."

"तो काय प्रतीचा असेल, कुणास ठाऊक," काका म्हणाले, आणि बसमध्ये चढले.

बस तीन सिग्नलला अडकली. पाच वाजून पाच मिनिटांनी दोघं स्टुडिओच्या दारात पोचली, तेव्हा आत एक माणूस लाइटची वायर कोपरावर गुंडाळत होता आणि अर्जंटराव खुर्च्या एकात एक घालत होता. तिला पाहून त्यानं घड्याळ पुढे केलं.

"मॅम, सॉरी. पॅकअप. मी म्हटलं होतं."

एरवी ती इथूनच वळली असती. 'काही हरकत नाही, पुढच्या वेळी नक्की सांगा' असं गोड तोंडानं म्हणून. ते वाक्य ती सत्तेचाळीस वेळांत एवढ्यांदा बोलली होती, की तिच्या सगळ्या भूमिकांत तेच सर्वांत पाठ होतं.

"नऊ वर्षं तुम्ही 'आत्ता या' म्हणालात," ती म्हणाली, "आणि मी आले. डोक्याला तेल असताना आले, ताप असताना आले, दुसऱ्यांचा वेळ चोरून आले. दोन तास बाहेर बाकावर बसवून तुम्ही 'झालं कास्टिंग' म्हणालात, तेही ऐकून घेतलं. आज एकदा मी 'आत्ता' म्हणते आहे. वीस मिनिटं. वायर उलगडा."

वायरवाला थांबला. अर्जंटरावनं हातातली खुर्ची खाली ठेवली. आतल्या काचेच्या खोलीतून एक बुटकी बाई बाहेर आली. केस पेन्सिलीनं वर खोचलेले, हातात चहाचा कप.

"ही ती गाडीतली बाई ना?" तिनं विचारलं. मग काकांकडे पाहिलं. "आणि हा तो आवाज! मी विचारत होते, तो 'उद्या या'वाला आवाज कुणाचा म्हणून. तुम्ही नट आहात?"

"निवृत्त लघुलेखक."

"लावा रे लाइट," डायरेक्टरबाई म्हणाली.

प्रसंग साधा होता. नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदासाठी एक बाई सरकारी खिडकीशी आली आहे. आतला कारकून तिला उद्या या म्हणतो. बाईला चार वाक्यं. कागदावर त्यांच्यापुढे कंसात छापलं होतं: रडत.

तिनं शाल घेतली नाही, चष्मा लावला नाही. दुपारभर गोदामामागे आणि मैदानावर उन्हात उभी राहून चेहरा जसा झाला होता, तसाच ठेवला.

"उद्या या," काका म्हणाले. भिंत बोलली असती तर अशीच बोलली असती.

"काल तुम्ही 'आज' म्हणालात."

"साहेब नाहीत. उद्या या."

"मी उद्या येणार नाही."

"मग आमचा नाइलाज आहे. खिडकी बंद व्हायची वेळ झाली."

"मी इथे बसते." तिनं अर्जंटरावनं रचलेली एक खुर्ची ओढली, नीट पुसली आणि बसली. घरची असल्यासारखी. मग काकांकडे पाहिलं, अगदी प्रेमानं. "तुम्ही जेवून या. मी आहे."

वायरवाला खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"मॅम, रडत आहे ते," अर्जंटरावनं कागदावर बोट ठेवलं. "चारही वाक्यं रडत. परत एकदा रडून करा."

"नाही करणार," ती म्हणाली. "ही बाई नऊ महिने या खिडकीशी येते आहे. रडायचं ते हिचं तिसऱ्या महिन्यात संपलं. आता ती बसणार आहे, आणि रडणार तो आतला माणूस. तुम्हाला रडणारी हवी असेल तर दुसरी बोलवा, वेळेवर येईल. मला जमतं ते हे आहे."

डायरेक्टरबाईनं चहाचा घोट घेतला. पेन्सिल केसांतून काढली, कागदावरचा तो कंस खोडला आणि पेन्सिल पुन्हा खोचली.  घड्याळात पाच पंचवीस झाले होते.

रात्रीच्या जेवणाला बहिणीनं विचारलं, "अठ्ठेचाळीसावी कशी झाली?"

"माहीत नाही. पण बसले होते गं. छान बसले होते."

"म्हणजे प्रगती आहे. आडवी होतीस, आता बसलीस."

काम मिळालं. कळलं ते अर्थात अर्जंटच, सहाव्या दिवशी: 'उद्या सकाळी सात.' तिनं मालकांना फोन करून 'जाते' म्हणून सांगितलं. मालकांनी वहीचं पान उलटलं आणि म्हणाले, "पार्लरवालीला शनिवारचा धडा चालेल का, ते तेवढं विचारून ठेवा." ऑडिशनच्या गुरुवारी तिचा साडेचारचा धडा त्यांनीच घेतला होता. पार्लरवालीनं नंतर सांगितलं, की सर पाऊण तास ब्रेकवर दोन्ही पाय ठेवून होते, त्यामुळे गाडी चार किलोमीटरच गेली, पण आरसा मात्र तिनं छान बघितला. वहीत त्या दिवशीच्या शेऱ्यात मालकांच्या अक्षरात 'ठीक' होतं आणि खाली तिच्या अक्षरात, दुसऱ्या दिवशी लिहिलेलं, 'ऑडिशन'. मालकांचं बोट त्यावर थांबलं, आणि पुढे गेलं.

सिनेमा लागला तेव्हा चार वाक्यांतली दोन उरली होती, 'मी इथे बसते' आणि 'तुम्ही जेवून या, मी आहे'. चेहरा समोरून. खिडकीच्या आतला कारकून कुणी नावाजलेला नट होता. त्याला 'उद्या या' काही काकांसारखं जमलं नव्हतं, हे काकांनीही वहीत नोंदवलं.

तर कुणी काय भरलं ते एकदा पाहू. मालकांनी दोनशे चौदा किलोमीटर भरले, आणि एक पाऊण तास, जो त्यांना किलोमीटरांपेक्षा जड गेला. स्टेनोकाकांनी दोन नापास आणि पाच तास वीस मिनिटं, ज्यांची त्यांनी पावती ठेवली आणि वसुली मागितली नाही. नर्स, सेल्समन आणि त्या दोघी यांनी एकेक नापास. तिनं आठ रविवार, दोन वाक्यं आणि नऊ वर्षांचं तयार ठेवलेलं सगळं खोटं. आणि आजवर ज्यांच्या नावावर कधी काहीच पडलं नव्हतं, त्या कास्टिंगवाल्यांनी वीस मिनिटं. पाच वाजून पाच ते पाच पंचवीस, गुंडाळलेली वायर परत उलगडून, उभ्या उभ्या.